जुन्या डिझेल मोटारीचे हेड गॅस्केट : दोष आहे किंवा नाही हे कसे ओळखावे

खेड्यापाड्यांतील रस्ते सुधारले तशी शेतकऱ्यांच्या दारी डिझेलवर चालणारी मोटार दिसू लागली. यांतील पुष्कळशा गाड्या शहरातील मालकाने वापरून विकलेल्या असतात. अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ साली, इंडिकाचे २०१८ साली व सुमोचे २०१९ साली बंद झाले. तथापि या गाड्या आजही भाजीपाल्याचे क्रेट, खताची पोती, वऱ्हाडी मंडळी आणि वेळप्रसंगी अडलेली बाळंतीण किंवा सर्पदंश झालेला मनुष्य यांची ने-आण करीत आहेत. अशा गाडीचे पाणी वारंवार कमी होऊ लागले, अथवा ती चढावर तापू लागली, की "हेड गॅस्केट गेले" हेच निदान प्रथम कानी पडते. निदान चुकीचे असेल तर हेड उतरविण्याची मजुरी, नवे गॅस्केट व ऑइल यांचा खर्च होऊनही मूळ दोष जागच्या जागी राहतो. उलटपक्षी, दोष खरोखरीच गॅस्केटचा असून गाडी तशीच पळविली तर हेड वाकते किंवा त्यास तडा जातो, आणि जे काम गॅस्केटवर भागले असते त्यासाठी हेडच नवे घ्यावे लागते.

पुढे दिलेल्या बहुतेक परीक्षा कोणत्याही खास हत्याराशिवाय, दारात उभ्या असलेल्या गाडीवर, सकाळच्या प्रहरी करता येतात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्या स्वतः एकदा करून पाहाव्या, म्हणजे शेतकऱ्यांस दाखविणे सोपे जाईल. मात्र आरंभीच एक गोष्ट ध्यानी घ्यावी की, कोणत्याही एकट्या लक्षणावरून हेड उतरवू नये. निरनिराळ्या वाटांनी मिळालेली दोन-तीन लक्षणे एकमेकांशी जुळली पाहिजेत.

गॅस्केटचे कार्य

एंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक. त्यात पिस्टन वरखाली होतात. त्यावर झाकणासारखे बसते ते हेड. या दोहोंच्या सांध्यात गॅस्केट दाबून बसविलेले असते. दिसावयास ते भोके पाडलेल्या पातळ पत्र्यासारखे दिसते. परंतु त्याच्याकडे तीन कामे सोपविलेली असतात. सिलिंडरातील पेटता वायू सिलिंडरातच राहिला पाहिजे, ब्लॉकमधून हेडमध्ये चढणारे पाणी आपल्या वाटेनेच गेले पाहिजे आणि ऑइलनेही आपली वाट सोडता कामा नये. या तीन वाटांमध्ये काही ठिकाणी बोटभरही अंतर नसते.

डिझेल एंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा दाबूनच इतकी तापविली जाते की, तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. जुन्या डिझेल मोटारीत हवा मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतकी दाबली जाते. जुन्या पेट्रोल एंजिनात हेच प्रमाण आठव्या-नवव्या हिश्श्याचे असे. एंजिन सुस्थितीत असेल तर डिझेल पेटण्यापूर्वीच सिलिंडरातील दाब दर चौरस सेंटिमीटरला २५ ते ३० किलोग्रॅमपर्यंत जातो, म्हणजे मोटारीच्या टायरातील हवेच्या दहा पटींहून अधिक. डिझेल पेटल्यावर तो आणखी पुष्कळ वाढतो. रेडिएटरातील पाण्याचा दाब मात्र १ किलोग्रॅमच्या आसपास असतो. हा फरक नीट उमगला की पुढील लक्षणे पाठ करावी लागत नाहीत.

एंजिन चालू असता गळती सिलिंडराकडून पाण्याकडे होते, कारण जोर त्या बाजूस अधिक. वायू पाण्यात शिरतो, होज पाइप फुगतात, पाणी बाहेर फेकले जाते व गाडी तापते. एंजिन बंद केल्यावर सिलिंडरातील जोर नाहीसा होतो, परंतु रेडिएटरातील पाणी अद्याप गरम व दाबाखाली असते. तेव्हा उलट पाणीच सिलिंडरात झिरपते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. दिवसा वायू पाण्यात व रात्री पाणी सिलिंडरात, हे दुहेरी वागणे गॅस्केटच्या दोषाची मोठी खूण होय. हेडला तडा गेला असल्यासही गाडी असेच वागते. या दोहोंतील भेद हेड उतरविल्यावरच कळतो.

गॅस्केट सहसा आपण होऊन जात नाही. बहुधा ते उष्णतेमुळे जाते. पुष्कळ गाड्यांत ब्लॉक बिडाचा व हेड अॅल्युमिनियमचे असते. अॅल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. नेहमीच्या तापमानात हा फरक गॅस्केट सहन करते, पण गाडी एकदा बेसुमार तापली की हेड वाकते आणि गॅस्केटवरील दाब सर्वत्र सारखा राहत नाही. आपल्याकडे तापण्याची कारणे नेहमीचीच आहेत : रेडिएटरच्या जाळीत बसलेला चिखल, पाचट व मळणीचा भुसा, बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने आत धरलेला थर, सैल झालेला पंख्याचा पट्टा, आणि "गाडी थंड राहील" या समजुतीने काढून टाकलेला थर्मोस्टॅट. या शेवटच्या गोष्टीविषयी मिस्त्रीमंडळींशी वाद घालावा लागला तरी घालावा. थर्मोस्टॅट काढल्याने एंजिन आपल्या योग्य तापमानास पोहोचत नाही, डिझेल नीट जळत नाही, आणि काही एंजिनांत तर पाण्याची बाजूची वाट उघडी राहून रेडिएटरकडे पाणी उलट कमी जाते.

पाणी कमी होण्याची इतर कारणे

पाणी कमी होते म्हणजे गॅस्केट गेले असे नव्हे. प्रथम रेडिएटरचे टोपण पाहावे. त्याचे काम केवळ झाकण्याचे नाही. त्यातील स्प्रिंग पाणी दाबाखाली ठेवते. सुमारे ०.९ किलोग्रॅम दाबाच्या टोपणाखाली पाणी ११८ अंश सेंटिग्रेडच्या सुमारास उकळते, तर टोपण निकामी झाल्यास ते १०० अंशांवरच उकळते. महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणी तर साधे पाणी सुमारे ९५ अंशांवरच उकळू लागते. यास्तव सपाटीवर ठीक चालणारी गाडी घाट चढताच पाणी टाकू लागली, तर आधी टोपण बदलून पाहावे; हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

त्यानंतर पाण्याचा पंप, ज्यास मिस्त्री "वॉटर बॉडी" म्हणतात, तो तपासावा. त्याच्या खालच्या अंगास एक लहान भोक असते. तेथून थेंब पडत असल्यास किंवा वाळलेल्या पाण्याचा पांढरट अगर रंगीत ओघळ दिसत असल्यास आतील सील गेले असे समजावे. होज पाइपांच्या पट्ट्या, रेडिएटरच्या टाक्यांचे सांधे, बाहेरच्या बाटलीकडे जाणारी बारीक नळी आणि हीटर असल्यास पायाखालची सतरंजी, हीही पाहावीत. बारीक नळीस चीर असेल तर बाहेर गेलेले पाणी थंड झाल्यावर परत ओढले जात नाही, आणि मालकास वाटते की एंजिन पाणी खाते.

धुराची परीक्षा

थंडीत सकाळी डिझेल गाडीने पांढरा धूर सोडला की मालक घाबरतो. बहुतेक वेळा तो न जळलेल्या डिझेलचा धूर असतो. हीटर प्लग निकामी झाला असेल किंवा नोझल नीट फवारत नसेल, तर असा धूर येतो. तो डोळ्यांस झोंबतो, त्यास कच्च्या डिझेलचा उग्र वास असतो व एंजिन तापू लागताच तो थांबतो. पाण्याची वाफ डोळ्यांस झोंबत नाही. ती वर चढून लवकर विरते. पाण्यात कूलंट असल्यास किंचित गोडसर वास येतो. थंड सायलेन्सरमध्ये साचलेल्या दमटपणामुळे निरोगी गाडीतूनही आरंभी थोडी वाफ व दोन-चार थेंब पडतात, हे विसरू नये. एंजिन पुरते तापल्यावरही वाफ चालूच असेल आणि रेडिएटरातील पाणीही त्या प्रमाणात कमी होत असेल, तरच संशय धरावा. काळा व निळा धूर यांचा या विषयाशी संबंध नाही.

येथे एक धोक्याची सूचना देणे जरूर आहे. सकाळी स्टार्टर मारता एंजिन किंचित फिरून काहीतरी आडवे आल्यासारखे एकदम अडले, तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये आणि गाडी धक्का मारून तर मुळीच सुरू करू नये. सिलिंडरात पाणी साचले असण्याचा संभव असतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. अशा वेळी जोर केल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. हीटर प्लग किंवा नोझल काढून, मगच एंजिन हळूहळू फिरवून पाणी बाहेर काढावे लागते, व ते काम मिस्त्रीकडूनच करवून घ्यावे.

सकाळची परीक्षा

आदल्या दिवशी गाडी नेहमीप्रमाणे चालवून, टोपण न उघडता रात्रभर उभी ठेवावी. सकाळी एंजिन हातास थंडगार लागत असता, टोपणावर जाड फडके ठेवून ते हळूहळू फिरवावे. निरोगी गाडीत रात्रभरात दाब उतरलेला असतो. थंड गाडीतूनही फुस्स असा आवाज येऊन हवा सुटली, तर सिलिंडरातील वायू पाण्यात शिरून कोंडला असण्याचा बळकट संभव आहे. ही परीक्षा साधी आहे, फुकट आहे, आणि आमच्या मते पहिल्या स्थानी ठेवण्यासारखी आहे. गरम गाडीचे टोपण मात्र कोणत्याही कारणास्तव उघडू नये. दाब सुटताच सारे पाणी एकदम उकळून उसळते आणि तोंड व हात भाजतात.

आता रेडिएटर काठोकाठ भरावा व टोपण उघडेच ठेवून एंजिन सुरू करावे. पहिली एक-दोन मिनिटे कोठेतरी अडकलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येते. तिकडे लक्ष देऊ नये. त्यानंतर पाणी शांत झाले तर ठीक. बुडबुडे थांबत नसतील, एंजिनाचा वेग वाढविताच तेही वाढत असतील, किंवा थंड असतानाच पाणी उसळून बाहेर पडत असेल, तर ते वायूचे बुडबुडे होत. एंजिन तापू लागल्यावर पाणी फुगून थोडे वर येणे स्वाभाविक आहे. म्हणून ही पाहणी थंड असतानाच पुरी करावी. पंप स्वतःच बाहेरची हवा ओढत असावा अशी शंका असल्यास मिस्त्रीकडून पंपाचा पट्टा काढवून, एंजिन अर्धे मिनिटच चालवून पाहावे. पंप फिरत नसतानाही बुडबुडे आले तर शंकेस जागा उरत नाही. पट्टा काढून याहून अधिक वेळ एंजिन चालवू नये. ज्या एंजिनात पंप दातेरी टायमिंग पट्ट्यावर चालतो तेथे ही परीक्षा करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी टोपण बंद ठेवून पुन्हा थंड एंजिन सुरू करावे आणि वरचा होज पाइप हातात धरावा. पंख्यापासून हात व कपडे दूर ठेवावेत. पाइप अद्याप थंड असता एक-दोन मिनिटांतच दगडासारखा कठीण झाला, तर तो पाण्याच्या उष्णतेने नव्हे, वायूने फुगला आहे.

समजा, नारायणगावच्या बाजारास टोमॅटो नेणारी एक गाडी आठवड्यास दोन लिटर पाणी खाते. तिचे ऑइल स्वच्छ आहे, सकाळी टोपण उघडता आवाज येत नाही, बुडबुडे दोन मिनिटांत थांबतात व होज पाइप एंजिन तापेपर्यंत मऊच राहतो. येथे हेडला हात लावण्याचे कारण नाही. टोपण, वॉटर बॉडी व रेडिएटरचे सांधे तपासावेत. दुसऱ्या गाडीचे पाणी आठवड्यास अर्धा लिटरच कमी होते, परंतु सकाळी टोपण उघडता फुस्स आवाज येतो, आणि सुरू केल्यावर मिनिटभर एक सिलिंडर मुका राहून पांढरी वाफ निघते. पाणी कमी जात असले तरी काळजी या दुसऱ्या गाडीचीच करावी.

ऑइलची परीक्षा

गॅस्केट पाणी व ऑइल यांच्या वाटांमध्ये फाटले असेल तर ऑइलच्या पट्टीवर चहासारखा दुधाळ रंग दिसतो, किंवा रेडिएटरच्या तोंडाशी तेलकट साय येते. खात्री करण्यासाठी गरम तव्यावर ऑइलचा एकच थेंब टाकावा. पाणी मिसळले असल्यास तो तडतडतो. तवा अर्थातच स्वयंपाकाचा नसावा. या परीक्षेत दोन फसव्या गोष्टी आहेत. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दमटपणाने पिवळट साय जमते. पट्टीवरील ऑइल स्वच्छ असल्यास तिची चिंता करू नये. दुसरे असे की, पुष्कळ डिझेल एंजिनांत ऑइल थंड करणारा कूलर पाण्यातच बसविलेला असतो. तो आतून फुटला तरी ऑइल व पाणी एक होतात. कूलर तपासल्यावाचून हेड उतरविणे ही घाईच होय. पाणी मिसळलेल्या ऑइलवर गाडी चालवू नये, कारण क्रँकची बेअरिंगे त्याने थोड्याच वेळात खराब होतात.

गॅस्केट दोन शेजारच्या सिलिंडरांमध्येच जळाले असेल तर पाणी कमी होत नाही, ऑइलही स्वच्छ राहते. गाडी फक्त थरथरते, ओढ कमी होते. असा दोष दारात ओळखता येत नाही. त्यास कॉम्प्रेशनचे मापन लागते.

कारखान्यातील परीक्षा

वरील लक्षणे जुळल्यास गाडी मिस्त्रीकडे न्यावी व कोणकोणती लक्षणे दिसली ते कागदावर लिहून द्यावे. तेथे डिझेलसाठी असलेल्या गेजने प्रत्येक सिलिंडराचे कॉम्प्रेशन मोजता येते. पेट्रोलचे गेज या दाबास पुरत नाही. आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडरांचे आकडे सारखे आहेत की नाहीत याकडे लक्ष द्यावे, आणि दोन शेजारचे सिलिंडर एकदम पडलेले आढळल्यास गॅस्केट धरावे. रेडिएटरात हातपंपाने दाब भरून तो टिकतो की नाही हेही पाहता येते. निळ्या द्रावणातून रेडिएटरच्या तोंडाशी जमलेली हवा ओढण्याची एक युक्ती आहे. धुरातील कार्बन डायऑक्साइडने द्रावणाचा रंग हिरवट किंवा पिवळा होतो. डिझेल एंजिनात नुसत्या संथ चालीवर हा वायू कमी असतो, म्हणून एंजिनाचा वेग वाढवून ही परीक्षा घ्यावी.

जुन्या पद्धतीच्या पंपाच्या गाडीत मिस्त्री एकेका नोझलची नळी सैल करून कोणत्या सिलिंडराने बुडबुडे कमी होतात ते पाहतात. ही रीत नव्या कॉमन रेल एंजिनावर कदापि वापरू देऊ नये. तेथे डिझेलचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १,००० किलोग्रॅमहून अधिक असू शकतो, आणि अशी धार कातडी भेदून आत शिरते. तशी इजा दिसावयास टाचणीएवढी असली तरी लगोलग रुग्णालय गाठावे लागते.

वाटेत गाडी तापल्यास

काटा लाल रेषेकडे सरकला की वातानुकूलन बंद करून गाडी बाजूस घ्यावी. पाणी शिल्लक असून पंखा फिरत असेल, तर एंजिन मिनिटभर संथ चालू ठेवल्याने उष्णता उतरते. काटा खाली येत नसेल, वाफ निघत असेल किंवा पाणी वाहून गेले असेल, तर तत्काळ एंजिन बंद करावे. पाणी पुरते संपल्यावर काटा उलट खाली आलेला दिसू शकतो, कारण त्याचे टोक पाण्याऐवजी हवेत उघडे पडते. त्यावर विसंबून आंबा घाटाचा उरलेला चढ काढू पाहणाऱ्यांची हेडे वाकली आहेत. निदान पाऊण तास टोपण उघडू नये. तापलेल्या एंजिनावर किंवा रिकाम्या रेडिएटरात थंड पाणी ओतू नये. त्याने हेड तडकते.

चालकमंडळींत रेडिएटरात हळद टाकण्याची चाल आहे. सुईच्या टोकाएवढे भोक तिने काही काळ बुजतेही. परंतु सिलिंडरातील दाबापुढे हळद किंवा बाटलीतून मिळणारी गळतीबंद पावडर टिकत नाही, आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या मात्र कायमच्या चोंदतात.

हेड उतरविल्यानंतर

गॅस्केट बदलले एवढ्याने काम होत नाही. हेडच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने बाक मोजवून घ्यावा. पुष्कळ एंजिनांत ०.०५ ते ०.१० मिलिमीटरपलीकडे बाक चालत नाही. नेमकी मर्यादा त्या एंजिनाच्या पुस्तकात असते. काही डिझेल हेडांचे फेसिंग करण्यास कंपनीची मनाई असते, कारण पिस्टन व वॉल्व्ह यांमधील अंतर फार थोडे असते. वॉल्व्हच्या मधल्या जागेत तडे आहेत का, हे दाबाखाली तपासून पाहावे. अनेक डिझेल एंजिनांची गॅस्केटे निरनिराळ्या जाडीची मिळतात व त्यांच्या कडेस जाडीदर्शक खाचा किंवा भोके असतात. काढलेले गॅस्केट फेकून न देता त्यावरील खूण पाहूनच नवे आणावे. फार जुन्या गॅस्केटात अॅस्बेस्टॉस असते, म्हणून ते कोरडे खरवडू नये. ओले करून काढावे व त्याची धूळ श्वासावाटे जाऊ देऊ नये.

हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूस, ठरलेल्या क्रमाने व टॉर्कच्या पान्यानेच आवळले पाहिजेत. काही बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरावयाचे नसतात. काही जुन्या एंजिनांत थोडे अंतर चालविल्यावर बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, तर काहींत ते आवळणे निषिद्ध आहे. मिस्त्रीस विचारून याची नोंद बिलावर करून घ्यावी. त्याच वेळी रेडिएटर धुवून, थर्मोस्टॅट बसवून, टोपण नवे घालावे. विहिरीच्या पाण्याऐवजी कूलंट व डिस्टिल्ड पाणी समभाग भरावे. काढलेले जुने कूलंट उघड्या भांड्यात किंवा गोठ्याजवळच्या खड्ड्यात राहू देऊ नये. ते चवीस गोड असते आणि जनावरे व कुत्री ते पितात, परंतु ते विषारी आहे.